अवसेची खीर

“आबा, आजारी पडलात त्या दिवशी काय काय खाल्लंत?”

हिंदुराव आबा ओसरीवरच्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आले होते, सलाईनची सुई टोचलेली जागा अजून हिरवीनिळी होती. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

“भरीत,” ते म्हणाले. “वांगं चुलीत भाजलेलं. वर कच्चा कांदा, तेलाची धार. आन् भाकरी अशी, की फुंकर मारली तर पापुद्रा उडावा.”

मी खूश होऊन लिहायला घेतलं. इतकं नीट आठवणारं माणूस विरळा. तेवढ्यात आतून त्यांच्या सुनेचा, शालनचा आवाज आला.

“ताई, ते नका लिहू. ते आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या हातचं भरीत. आत्याबाईंना जाऊन सहा-सात महिने झाले.”

“मग त्या दिवशी काय खाल्लं यांनी?”

“सकाळी घोटभर चहा. चतकोर भाकरी. ती पण माझ्या समाधानासाठी.”

आबांनी डोळे उघडले. “भरीतच होतं,” ते पुन्हा म्हणाले आणि समोरच्या पाण्याकडे बघत बसले.

पाणी म्हणजे धरणाचं. नवी कुरणवाडी हे गावच मुळी धरणात गेलेल्या जुन्या गावची माणसं वर माळावर आणून वसवलेलं. रेघ मारल्यासारखी घरं, वर पत्रे, आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. थंडीत पाण्यावरून धुकं उठायचं आणि हळूहळू उंबऱ्यापर्यंत चढायचं. मी एसटीतून उतरायचे तेव्हा गाव दिसायचंच नाही. नुसतं कोंबड्यांचं आरवणं आणि भांड्यांचे आवाज यायचे, आणि त्या आवाजांच्या मागे मागे मी जायचे. आपण जाग्या आहोत की अजून घरी बिछान्यात आहोत, असं कितीदा तरी वाटून जायचं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते गाव मला अजून तसंच आठवतं, अर्धं पुसलेलं.

मी तेव्हा तालुक्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात कामाला होते. माझं काम ऐकून लोक तोंडाला पदर लावायचे. तान्ह्या पोराला जुलाब झाले तर अख्खं घर उरापोटी धरून धावत येतं. मोठ्या माणसाला झाले तर सगळे हसतात, आणि ते माणूस बिचारं लाजेने घरातच लोळतं. आमच्या डॉक्टरांनी ठरवलं, मोठ्यांच्या जुलाबांवरही लक्ष ठेवायचं. कुणाला झाले, काय खाऊन झाले, कुठे खाऊन झाले, पाणी कुठलं, सगळं घरी जाऊन विचारायचं आणि अन्नापाण्याचे नमुने आणायचे. ते काम माझ्या गळ्यात पडलं. नाव माझं वासंती, पण पंचक्रोशीत मला सगळे जुलाबताई म्हणायचे. म्हणेनात का! लग्नाच्या मांडवात मी दिसले की आचाऱ्याचे हातपाय गार पडायचे, याचा मला गुपचूप आनंदच व्हायचा.

पण हिंदुराव आबांच्या बाबतीत हसू येत नव्हतं. आधी काही महिने त्यांनी ते दुखणं घरीच अंगावर काढलं होतं. मग दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि या खेपेला तर नाडी लागेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “वासंतीबाई, पुढच्या वेळी हे म्हातारबुवा काही हाती लागायचे नाहीत. कारण शोधा.”

मी शालनला पाण्याच्या हंड्याबद्दल विचारत होते, तेवढ्यात धुक्यातून एक बाई तरातरा अंगणात आली. आबांची थोरली लेक, इंदू. पलीकडच्या तालुक्यात दिलेली. तिने आबांच्या अंगावरून हात फिरवला, त्यांच्या मनगटाची हाडं चाचपली आणि माझ्याकडे वळली.

“काय लिहिताय? मी सांगते की कारण. शिळं घालते ही त्यांना.”

“वन्सं, असं कसं हो बोलता?” शालन म्हणाली.

“खोटं बोलते का मी? माझ्या आईनं जाताना वाटीभर खीर मागितली, ती दिली नाहीस तू. आता बापाच्या जिवावर उठलीस.”

मी मध्ये पडले. “अहो, डॉक्टरांनीच गोड बंद केलं असेल. साखर होती ना त्यांना?”

“साखर होती. पण दोन दिवसांची सोबतीण होती ती. दोन दिवसांच्या माणसाची कसली साखर बघता?”

  शालन तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली.

“येत्या अवसेला मी येणार आहे,” इंदू म्हणाली. “पुन्हा जर आबांना जुलाब लागले ना, उचलून माझ्या घरी नेणार. आणि का नेलं, ते अख्ख्या भावकीत सांगणार. मग बघू तू तोंड कसं दाखवतेस ते.”

“मी कुठं जायचा नाही,” आबा खाटेवरून म्हणाले. “इथनं घर दिसतं.”

दिसत काही नव्हतं, नुसतं धुकं होतं आणि खाली पाणी. पण त्यांचं जुनं घर त्या पाण्याच्या तळाशी कुठे आहे, हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्या बाजूला तोंड करूनच ते झोपायचे. त्यांना तिथून हलवलं तर जुलाबांची गरजच पडणार नाही, असे जातील, असं मला वाटलं.

“अवसेलाच का येणार?” मी इंदूला विचारलं.

तिने आवाज खाली आणला. “दर खेपेला अवसेलाच लागतं त्यांना. विचारा कुणालाही. आईचा जीव खिरीत अडकलाय. बोलावतेय ती त्यांना.”

मी हसणार होते, पण हसले नाही. जंतूंना पंचांग कळत नाही. पण माणसांना कळतं, आणि पंचांग बघून माणसं काही ना काही खातात.

“शालन, अवसेला घरात काय असतं?”

“पान असतं, आत्याबाईंच्या नावाचं. वर्ष होईपर्यंत दर अवसेला वाढायचं. वरणभात, वडे, भाजी, तांदळाची खीर. मागं परड्यात गोठ्याचा पत्रा खाली उतरलाय, त्याच्यावर ठेवते. कावळा शिवेस्तोवर खरं तर घरात कुणी जेवायचं नाही. पण लेकरं भुकेजतात. म्हणून आबा म्हणतात, तुम्ही जेवून घ्या, मी बसतो राखण करत.”

“आणि शिवतो का कावळा?”

“आबा म्हणतात, शिवतो.” ती तांदळातला खडा शोधत होती.

“आणि घरात सगळे तेच जेवता?”

“तेच. एका पातेल्यातलं. लेकरं खातात, शेजारी देते. कुणालाच काही होत नाही.”

“तेच तर म्हणतेय मी,” इंदू म्हणाली. “सगळं घर ठणठणीत, एकटे माझे आबाच कसे आजारी?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी पाणी नेलं, दूध नेलं, पीठ नेलं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेने सगळं तपासून स्वच्छ म्हणून सांगितलं. शालनच्या स्वयंपाकघरात तर बोट ठेवायला जागा नव्हती. हंड्यावर झाकण, झाकणावर पंचा, ओगराळं वेगळं टांगलेलं. मीच माझ्या घरी इतकी टापटीप ठेवत नव्हते.

अवसेला मी सकाळीच पोचले. इंदू आधीच आली होती. येताना तिने आबांच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी आणली होती आणि ती खुंटीला सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. शालनचा नवरा ट्रकवर असायचा, त्यामुळे तोही घरात नव्हता. शालन एकटी चुलीपुढे होती. ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, “ताई, आज काहीही करा, पण माझ्यापाशी बसा.” मी बसले. दूध आटत होतं, त्यात भिजवलेल्या तांदळाची कणी पडली, वेलची पडली, आणि सगळ्या घराला तो वास लागला. ओसरीवर आबांनीही मान वर केली.

पान वाढलं तेव्हा मी बघतच राहिले. वड्यांची चळत, भाताची मोठी मूद, खिरीची काठोकाठ वाटी.

“एका कावळ्याला एवढं? बाई गं, उडायचा कसा तो?” मी म्हटलं.

शालन हसली नाही. “आत्याबाईंना पोटभर लागायचं,” ती म्हणाली.

तिने पान नेऊन पत्र्यावर ठेवलं, हात जोडले. आबा काठी घेऊन शेजारी दगडावर बसले आणि आम्हाला म्हणाले, “जावा आता. माणसं दिसली की यायचा नाही तो.”

आम्ही आत येऊन जेवलो. मीही पोटभर जेवले. जुलाबताईने संशयित घरात जेवणं म्हणजे कामाचाच भाग, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे खीर फार सुंदर झाली होती. पातेल्यातला नमुना बाटलीत भरून घेतला आणि ओसरीवर खांबाला टेकले. धुकं विरलं होतं, ऊन उबदार पडलं होतं, पाणी इतकं स्थिर की त्याच्यावर आभाळ नुसतं ठेवलेलं होतं. माझा डोळा लागला. स्वप्नात मी पाण्याखालच्या गावात होते. तिथल्या अंगणात पंगत बसली होती, एक बाई वाढत होती आणि मी कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाला विचारत होते, काय खाल्लंत, कधी खाल्लंत. कुणी उत्तर देत नव्हतं. सगळे मन लावून जेवत होते. मला त्यांचा हेवा वाटला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. इंदू आत लवंडली होती. मी तोंडावर पाणी मारायला म्हणून मागे परड्यात गेले.

आबा पत्र्यापाशी उभे होते. पान त्यांनी पुढ्यात ओढून घेतलं होतं आणि खिरीची वाटी ओठांना लावत होते.

“आबा, थांबा!”

वाटी खाली आली. “बोंबलू नका हो ताई,” ते कुजबुजले. “शालन ऐकेल.”

मी वाटी हातातून काढून घेतली. ती कोमट लागली. थंडीचे दिवस असले तरी दुपारभर पत्रा तापलेला, आणि त्याच्यावर दुधातला भात. मला आणखी काही तपासायची गरज नव्हती. तरी मी त्यातली थोडी दुसऱ्या बाटलीत घेतली. पुढे प्रयोगशाळेने सांगितलं तेही तेच, की पातेल्यातली खीर चांगली होती आणि वाटीतली जंतूंनी भरलेली. शिजवलेला भात असा उबेला पडला की त्यात ते वाढतात, वासाला आणि चवीला पत्तासुद्धा लागत नाही.

“कावळा कुठे आहे?” मी विचारलं.

“आलाच नाही कधी. एकदा पण नाही.” आबा दगडावर बसले. “यायचा कसा? बसायला फांदी नाही या माळावर. जुन्या गावात पिंपळ होता. पान ठेवायच्या आधी हजर असायचे कावळे. पण हे कुणाला सांगू? इंदी म्हणेल, बघा, आईचा जीव खिरीत अडकला. सगळं गाव म्हणेल. जगू द्यायची नाहीत त्या पोरीला. म्हणून मी ऊन कलेपर्यंत वाट बघतो. वाटतं, येईल एखादा चुकून. नाहीच आला की मग खातो. पान रिकामं दिसलं की शालन कशी सुटल्यागत होते. तेवढं बघतो मी.”

“अहो, पण हेच खाऊन तुम्ही मरायला टेकला होतात!”

“छ्या. नैवेद्याचं पान बाधत नसतं.”

“बाधतं आबा, देवाची शपथ बाधतं. खायचंच कशाला? कुत्र्याला घालायचं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझेच शब्द टोचले. “हौसाच्या नावाचं पान कुत्र्याला घालू?” ते म्हणाले. मग हात जोडायला लागले. “ताई, तुम्ही कारण शोधलं, भरून पावलं. पण सांगू नका. द्या ती वाटी इकडं. लागलं तर लागलं.”

मी वाटी दिली नाही. सांगितलं तर म्हातारा वाचणार, पण शालनच्या कपाळी जन्माचा डाग बसणार. नाही सांगितलं तर पुढच्या अवसेला आबा जाणार, आणि डाग तेव्हाही तिलाच. कसं काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, आणि वळले तर मागच्या दारात शालन उभी.

“ताई, मला माहीत आहे,” ती म्हणाली.

आबांची मान खाली गेली.

“पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. चुलीपुढच्या खिडकीतून पत्रा दिसतो.”

“अगं मग थांबवलं का नाहीस त्यांना?”

“कशी थांबवू? एरवी चतकोर भाकरी खाऊन उठतात. आत्याबाई गेल्यापासून अन्नावर वासनाच नाही. एका अवसेला तेवढं पान चाटूनपुसून खातात. म्हणून तर दर खेपेला पान मोठं मोठं वाढत गेले मी.” तिने दाराची चौकट धरली. “लेकरं तीच खीर खात होती हो. मला काय ठाऊक, मी वाढलेल्या पानानंच…”  तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती रडली.

“शिवला का गं कावळा?”

इंदू झोपेतून उठून दारात आली होती. केस विस्कटलेले, डोळे चोळत. तिने भरलेलं पान बघितलं, माझ्या हातातली बाटली बघितली.

“शिवला, शिवला,” आबा घाईने म्हणाले. “आत्ताच येऊन…”

“नाही वन्सं,” शालन म्हणाली. तिने डोळे पुसले. “आज शिवला नाही, आणि याच्या आधी पण कधी शिवला नाही. एकदाही नाही. ते पान आबा खातात, मला कुणी बोल लावू नये म्हणून. दिवसभर उन्हात पडलेलं खातात आणि त्यानंच त्यांना लागतं. ताईंनी शोधून काढलं.”

मी काहीतरी डॉक्टरी बोलून सावरून घेतलं असतं. तिने मला वेळच दिला नाही.

“आत्याबाईंचा राग माझ्यावर आहे,” ती म्हणाली. “असू दे. मी खीर दिली नाही, तर राग मलाच यायला पाहिजे. तो माझ्यापाशी राहील. आबांच्या पोटात नको. आता भावकीत काय सांगायचं ते सांगा तुम्ही.”

  शालन इंदूच्या बाजूने आत गेली. चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. आम्ही तिघं परड्यात तशीच उभी होतो. पाण्यावर पुन्हा धुकं जमायला लागलं होतं, आणि पलीकडचा डोंगर दिसेनासा होत होता.

“या,” आतून हाक आली.

चुलीपुढे पाट मांडला होता. ताटात गरम भात, वरण, आणि पातेल्यातल्या खिरीला उकळी आणून भरलेली वाटी. वाफ निघत होती. आबा बसले. त्यांनी खिरीच्या वाटीला हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला. पण त्यांनी ती उचलली नाही.

“आधी तू बस,” ते शालनला म्हणाले.

“तुमचं होऊ दे. मी नंतर जेवते.”

“नंतर नाही. बस म्हणतो ना!” इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. ते आमच्याकडे वळले. “ती गेली त्या दिवसापासून हिनं खिरीला तोंड लावलेलं नाही. दर अवसेला पातेलंभर करते, घरादाराला वाढते, शेजारी पाठवते. स्वतः एक थेंब घेत नाही. म्हाताऱ्याला दिसत नाही असं वाटतं हिला.”

शालन बसली, पण हात मांडीतच ठेवले. आबांनी स्वतःच्या ताटातली वाटी उचलून तिच्यापुढे ठेवली. तिने वाटीकडे बघितलं नाही. ती इंदूकडे बघत होती.

इंदू उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ती खाली बसली, शालनच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. तिने वाटी शालनच्या आणखी जवळ सरकवली.

“खा वहिनी,” ती म्हणाली. “गार होईल.”